बावीस अंश, आकाश निरभ्र

लेहची हवा खरोखर सौम्य आहे की जीवघेणी, एवढं एकच ठरवायला रसिका बडोद्याहून निघाली होती, आणि ते ठरवायला तिच्या हाती जेमतेम आठवडा होता. कारण पुढच्या शुक्रवारचं आईचं विमानाचं तिकीट तिच्या धाकट्या भावाने, आशयने, काढूनही टाकलं होतं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. बडोद्यातल्या समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत भर दुपारी वीज गेली आणि पद्माताई, म्हणजे या दोघांची आई, स्वयंपाकघरात कोसळल्या. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, शुद्ध हरपलेली! रसिका त्या दिवशी सहज म्हणून माहेरी आली होती. तिने आईला ओल्या चादरीत गुंडाळलं, बादल्या ओतल्या, अँब्युलन्समध्येसुद्धा आईच्या मानेवरचा ओला पंचा क्षणभर सुकू दिला नाही. आई वाचली. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं की असा झटका पुन्हा बसला तर खात्री देता येणार नाही. या वर्षी मार्च उजाडला तसा घरात सगळे रोज पारा बघू लागले.

आशय तेव्हा नुकताच लेहला सौरऊर्जेच्या कामावर रुजू झाला होता. निरोप मिळून तो पोहोचेपर्यंत आई दवाखान्यातून घरी यायच्या बेतात होती. आपण वेळेला नव्हतो, हे त्याला आतून कुरतडत होतं. म्हणूनच त्याने हा बेत रचला होता की आईला उन्हाळाभर लेहला ठेवायचं. रोज सकाळी त्याचा ताईला संदेश यायचा, ‘बडोदे चव्वेचाळीस, लेह बावीस. आकाश निरभ्र. एसी वगर, एसीशिवायच!’

रसिका सयाजीगंजजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. लेहचं हवामान विषम, हे तिने इतक्या वर्गांकडून घोकून घेतलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. भावाचे आकडे काही तिच्या गळी उतरेनात. फोनवर दोघांची जुंपली की आई मधे पडायची. शेवटी आईनेच फर्मान काढलं, की तू स्वतः जा, बघ आणि दोघं मिळून मला एकच काय ते सांगा; तुम्ही सांगाल तिथे मी राहीन. मग आईला सासूबाईंकडे, दुर्गाबाईंकडे, सोपवून रसिका निघाली. सोबत नवरा धैर्यशील. तो एका कारखान्यात सुरक्षा विभागात होता आणि बाहेरगावी जाताना चार दिवसांच्या प्रवासाला चाळीस दिवसांचं सामान घ्यायचा.

पहिले पाच-सहा दिवस लेहने रसिकाला अगदी तोंडघशी पाडलं. सकाळी कोवळं ऊन, पॉप्लरच्या झाडांना नवी पालवी, दुपारी पातळ स्वेटर काढून ठेवावा इतकी ऊब आणि संध्याकाळी शालीपुरता गारवा. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून दोघं नुसते गल्ल्यांतून हिंडत होते. अशी हवा बडोद्यात डिसेंबरातसुद्धा चार दिवस मिळायची मारामार. आणि तिकडे दुर्गाबाई फोनवर सांगत होत्या की पद्माताईंना खोलीबाहेर पाऊलही टाकू देत नाही आहोत, काल तासभर वीज गेली तेव्हा आमचं धाबंच दणाणलं होतं. रसिका हरायच्या बेतात होती. तरी हरण्याआधी तिने एक अट घातली. शहर झालं मऊ गादीसारखं, म्हणाली. मला जरा कठीण जागा दाखव, तिथे दिवसभर बसून बघते.

आशय हसला. साबू गावाच्या वरच्या घळीतून एक वाट उंच धारेवर जाते, तिथून अख्खं लेह तळहातावर घेतल्यासारखं दिसतं.

“भर दुपारी तिथे बसून चहा पिऊ,” तो म्हणाला. “तिथे तुला सोसलं, तर खाली आईला सोसेल. बराबर?”

“बराबर,” रसिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप त्यांना रस्ता संपतो तिथे सोडून थांबली. ड्रायव्हरने टोपी डोळ्यांवर ओढून लगेच ताणून दिली. तिघं घळीत शिरले. दोन्ही बाजूंना उघडेबोडके, गेरूच्या रंगाचे डोंगर. ना झाड, ना झुडूप. वर आकाश इतकं गडद निळं की बघता बघता गरगरावं. घळीच्या मध्यावर एक ओढा आडवा आला. पाणी घोट्याएवढं, पण बर्फाचं! दगडांवरून उड्या मारत त्यांनी तो ओलांडला आणि पलीकडे पोहोचल्यावर धैर्यशील खाली बसला. त्याचं डोकं ठणकत होतं. उंचीचं दुखणं अंगावर काढू नये, एवढी अक्कल त्याला होती. त्याने स्वतःच सांगितलं की मी परत ओढ्याअलीकडे जाऊन थांबतो, तुम्ही जाऊन या. त्याने पाठीवरची भलीमोठी पिशवी पुढे केली. तिच्यात दोरी होती, स्लीपिंग बॅग होती, स्टोव्ह होता, देव जाणे आणखी काय काय होतं.

“एवढं ओझं चहा प्यायला?” आशय म्हणाला. “जिजाजी, बावीस आहे आज. कांई वांधो नाही.”

आणि पिशवी खालीच राहिली. दोघांनी एकेक पातळ वाऱ्याचं जाकीट, पाण्याच्या बाटल्या, चहाचा थर्मास आणि तापमापक एवढंच घेतलं; रसिकाच्या अंगात लोकरी स्वेटर आणि खिशात कानटोपी होती, ती तेवढी. रसिकाने जाताना मागे वळून पाहिलं, तेव्हा धैर्यशील ओढ्यापलीकडे दगडाला टेकून हात हलवत होता. तिला उगीचच अस्वस्थ वाटलं.

वाट कसली, मुरमाड दगडांची घसरगुंडीच! एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली यावं. दहा पावलांनी छाती भात्यासारखी हलायची. आशयला वर्षाची सवय, तो पुढे उड्या मारत जायचा आणि ताईसाठी थांबायचा. दुपारच्या सुमाराला ते धारेवर पोहोचले. खाली लेह पसरलं होतं. हिरव्या शेतांचे तुकडे, पांढरी घरं, पलीकडे सिंधूची रुपेरी रेघ. वारा अजिबात नव्हता. दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकांच्या खळग्यात दोघं बसले, तर खडक चटके देत होता. आशयने तापमापक आधी खडकावर ठेवला. पारा चाळिशीला टेकला! मग तोच हातभर अंतरावर, खडकाच्या सावलीत टांगला. थोड्या वेळाने त्यात दिसत होते सात अंश.

रसिका त्या सातच्या आकड्याकडे बघतच राहिली. हातभर अंतरात डिसेंबर आणि मे शेजारी शेजारी बसले होते. ती भावाला हे सांगायला वळली आणि जागीच गोठली.

आशयचा चेहरा लालबुंद झाला होता. टोपी वाटेतच कुठेतरी पडली होती, पाण्याला त्याने चढताना तोंडही लावलं नव्हतं. डोळे अर्धवट मिटलेले. तो म्हणाला की गरगरतंय, डोकं तापलंय. त्याने उठायचा प्रयत्न केला आणि धपकन खाली बसला.

रसिकाच्या पाचावर धारण बसली. तिला समोर डोंगर दिसेनासा झाला. दिसलं ते समाचं स्वयंपाकघर. लाल चेहरा, तापलेलं कपाळ, मिटणारे डोळे! त्यापुढे तिने विचार केलाच नाही. जे केलं ते तिच्या हातांनी केलं. बडोद्यात वाढलेल्या हातांना असल्या वेळी एकच गोष्ट ठाऊक असते. तिने आपली सुती ओढणी बाटलीतल्या पाण्याने भिजवली आणि त्याच्या डोक्याला, मानेला, छातीला गुंडाळली. दुसरी बाटली त्याच्या केसांवर आणि टी-शर्टवर उपडी केली. खडकामागे बर्फाचा एक तुकडा उरला होता, तोही ओंजळीने आणून ओढणीत खोचला. आशयने सुस्कारा सोडला. बरं वाटतंय म्हणाला. रसिकाच्या जिवात जीव आला.

आणि ऊन गेलं.

कुठून आला तो ढग, कोण जाणे! धारेच्या मागून, उत्तरेकडून, आवाज न करता चढून आला होता. ऊन गेलं तसा वारा सुटला. वारा कसला, सुऱ्या! क्षणापूर्वी चटके देणारा खडक हाताला गार लागायला लागला. रसिकाने जाकीट चढवलं, आशयच्या अंगातही घातलं, त्या ओल्या टी-शर्टवरूनच. खाली लेह अजून उन्हात झळाळत होतं. मग तेही दिसेनासं झालं. बर्फ पडू लागलं होतं. साबुदाण्याएवढे कोरडे, टोचरे कण तोंडावर सपासप आपटत होते.

“चल, ऊठ,” ती म्हणाली. “आशय, खाली जायचंय.”

आशय उठला. दहा-बारा पावलं चालला. आधी तो थरथरत होता, दात कडाकडा वाजत होते. मग हळूहळू थरथर थांबली. रसिकाला वाटलं, चला, चालून अंग गरम झालं. पण तो खाली बसला आणि जाकिटाची चेन उघडू लागला.

“उकडतंय, ताई,” तो जड जिभेने म्हणाला. “काढ ना हे.”

उकडतंय? या वाऱ्यात? रसिकाने त्याची मान चाचपली आणि तिचा हात झटका बसल्यासारखा मागे आला. मान बर्फासारखी होती. गारठा फार आत शिरला की माणसाला उलटं उकडल्यासारखं वाटतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. ओढणी हाताला लागली, ती कडक. पापडासारखी कडक! वाकवली तर कडकड आवाज झाला.

तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. उष्माघात कुठला! त्याला नुसतं ऊन लागलं होतं, तहान लागली होती. सावलीत बसवून दोन घोट पाणी पाजायचं, एवढंच काम होतं. बर्फाच्या वाऱ्यात आपण आपल्या भावाला डोक्यापासून कमरेपर्यंत भिजवून ठेवलं. ज्या उपायाने आई वाचली, त्यानेच याचा जीव जायची वेळ आणली. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. पण रडायला थांबलं तर हा इथेच झोपेल, हेही तिला कळत होतं.

तिने ओढणी ओरबाडून फेकून दिली. त्याचं जाकीट काढलं, ओला टी-शर्ट डोक्यावरून खेचला. तो लहान मुलासारखा हात झिडकारत होता. तिने स्वतःचा लोकरी स्वेटर काढून त्याला चढवला, वर त्याचं जाकीट, वर स्वतःची कानटोपी. तिच्या अंगात आता कुडता आणि वाऱ्याचं जाकीट एवढंच राहिलं. थर्मासमधला चहा त्याच्या ओठांना लावला. अर्धा हनुवटीवरून ओघळला, अर्धा गेला पोटात. मग तिने त्याचा दंड आपल्या खांद्यावर घेतला.

“चाल. बसायचं नाही. बोलत राहा माझ्याशी.”

वाट पुसली गेली होती. मुरमावर पांढरा थर साचला होता आणि सगळ्या बाजू सारख्या दिसत होत्या. एकच खूण होती: उतार. उतार म्हणजे घळ, घळ म्हणजे ओढा, ओढा म्हणजे धैर्यशील. दगड निसटत होते. दोघं घसरत होते, पडत होते, पुन्हा उठत होते. एकदा तर रसिकाचा पाय सुटला आणि दोघंही गडगडत गेले! मोठ्या धोंड्याला आपटून थांबले, म्हणून थांबले. धोंड्याच्या पुढे चार हातांवर कडा तुटला होता. खाली नुसतं धुकं होतं.

त्याला झोपू द्यायचं नव्हतं. ती त्याला विचारत राहिली, सयाजीगंजहून समाला घरी जाताना काय काय लागतं, सांग. तो म्हणाला, फतेगंज. मग? मग निझामपुरा. मग? मग तो म्हणाला, फतेगंज. पुन्हा विचारलं, पुन्हा फतेगंज. आणि मग त्याने उत्तर देणंच सोडून दिलं. तो चालत होता, पण झोपेत चालल्यासारखा. रसिका एकटीच बोलत राहिली. आई, शाळा, रस्ते, जे सुचेल ते. आपला आवाज थांबला तर काहीतरी भयंकर होईल, अशी तिला भीती वाटत होती.

शेवटी पाण्याचा आवाज ऐकू आला. आणि तो ऐकून आनंद होण्याऐवजी तिच्या काळजात चर्र झालं. सकाळी हा ओढा कुजबुजत होता. आता तो गरजत होता!

दिवसभराच्या उन्हाने वरचं बर्फ वितळलं होतं आणि ते सगळं पाणी आता खाली पोहोचलं होतं. उड्या मारायचे दगड गडप झाले होते. मातकट, फेसाळ लोंढा कमरेएवढा उसळत होता. पलीकडे धैर्यशील उभा होता. तो काहीतरी ओरडत होता, एक अक्षर ऐकू येत नव्हतं. रसिकाने आशयला घट्ट धरलं आणि पाण्यात पाऊल घातलं. पलीकडे सुटका होती, पिशवी होती, नवरा होता. पाय सुन्न झाला. पलीकडे धैर्यशीलने दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोराने फुली केली. नको. येऊ नकोस. आशयला पुन्हा भिजवलं तर संपलं, हे तिलाही कळलं!

ती मागे सरली.

धैर्यशीलने दोरीचं एक टोक धोंड्याला बांधलं, दुसरं कमरेला. कपडे काढून पिशवीत कोंबले, पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर घेतली. डोकं ठणकणारा हा माणूस नुसत्या चड्डीवर त्या बर्फाच्या पाण्यात उतरला. एक पाऊल. दुसरं. मध्यावर तो अडखळला! लोंढ्याने त्याला कमरेत वाकवलं, पिशवी कलंडली, रसिकाने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो गुडघाभर पाण्यात होता आणि शिव्या घालत वर चढत होता. त्या शिव्या तिला स्तोत्रासारख्या वाटल्या.

एका मोठ्या खडकाच्या आडोशाला त्यांनी आशयला स्लीपिंग बॅगेत घातलं. त्याच्याबरोबर रसिकाही आत शिरली, त्याला पोटाशी धरून, पाठीवर लहानपणी थोपटायची तशी थोपटत. धैर्यशीलने कपडे चढवले, ताडपत्री वरून ओढली आणि स्टोव्ह पेटवला. साखरेचं गरम पाणी चमचा चमचा पाजत राहिले. आशयचा चेहरा राखेच्या रंगाचा होता. श्वास इतका हळू की रसिका दर वेळी पुढचा येतो की नाही याची वाट बघायची. आईला काय सांगायचं, हा एकच विचार तिच्या डोक्यात घण घालत होता. त्याला मी भिजवलं, हे आईला कसं सांगायचं?

बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या हाताखाली एक हलकी शिरशिरी आली. पुन्हा आली. आणि बघता बघता आशय असा थरथरायला लागला की अख्खी स्लीपिंग बॅग हलू लागली.

“थरथरतोय,” धैर्यशील म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज कापत होता. “थरथरू दे. शरीर परत झगडायला लागलंय.”

रसिका तेव्हा रडली. अगदी मोकळेपणाने, भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

ढग आला तसाच निघून गेला. ऊन पुन्हा पडलं. बर्फ पुसल्यासारखं नाहीसं झालं, आणि डोंगर असे निरागस चेहऱ्याने उभे राहिले की जणू काही घडलंच नव्हतं. वरती गारठ्याने वितळणं मंदावलं होतं, त्यामुळे दिवस कलता कलता ओढाही उतरला. दोरीला धरून, आशयला मधे घेऊन तिघं पार झाले. जीपपाशी पोहोचले तेव्हा ड्रायव्हर डोळे चोळत उठला आणि त्याने हिंदीत कौतुकाने विचारलं की आज हवा किती छान होती, मजा आली ना? रसिकाने त्याला गाडी थेट दवाखान्यात घ्यायला सांगितलं.

दवाखान्यात आशयला तपासून, गरम सलाईन लावून संध्याकाळी सोडलं. परत येताना रसिका खिडकीतून बघत होती. बाजारात लोक हाफ स्वेटरवर हिंडत होते. कुणीतरी दाराशी बसून शेवटचं ऊन खात होतं. आज शहरात बावीसच अंश होते आणि तो आकडा खोटा नव्हता. वर्गात ती शिकवत आली होती तेही खोटं नव्हतं. ही हवा सौम्य होती, पण फक्त समोर ऊन असेपर्यंत. त्यापुढे ती कुणाला शिकायला वेळ देत नव्हती. इथली माणसं जन्मभर शिकून इथे राहत होती. आई काय करणार होती? आशय कामावर गेला की दिवसभर एकटी असणार. ऊन लागलं की डोक्यावर ओला पंचा घेणार, खिडकी उघडणार, गार फरशीवर आडवी होणार. तिचे हात तर रसिकाच्या हातांहून जुने होते.

खोलीवर आल्यावर रसिकाने भावाला हे सगळं सांगितलं. ओढणी मी भिजवली, हेही सांगितलं. त्याला त्यातलं फारसं आठवत नव्हतं. तो पांघरुणात गुरफटून ऐकत होता. वर्षभर जपलेला बेत त्याच्या डोळ्यांदेखत मोडत होता, आणि त्याने वाद घातला नाही. तेवढ्यात रसिकाला आईचाच फोन आला.

“काय ठरलं गं तुमचं?” पद्माताई विचारत होत्या. “बॅग भरायला घेतलीय. स्वेटर किती घालू?”

रसिकाने आशयकडे पाहिलं. नको म्हणायचं म्हणजे आईला पुन्हा त्या बंद खोलीत, त्या विजेच्या भरवशावर सोडायचं. आशयने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

“आई, तू येऊ नको,” तो म्हणाला. “इथली हवा तुझ्यासाठी नाही. मी येतो. रजा घेतो, नाही दिली तर सोडून येतो. पाऊस पडेपर्यंत तुझ्यापाशीच राहीन.”

पलीकडून पद्माताईंचा आवाज आला, काळजीने भरलेला.

“अरे, पण इथे ऊन नुसतं आग ओकतंय. तुला आता त्या थंड हवेची सवय झालेली. सोसेल का रे तुला?”